धोंडूबाईचा दोष

आजवर मी पुष्कळ अर्ज भरले आहेत. नोकरीचे, कर्जाचे, पासपोर्टचे, गृहनिर्माण संस्थेचे. परंतु ‘तुमच्यात दोष कोणता?’ असे विचारून त्यापुढे मोकळी चौकट ठेवणारा कागद माझ्या हाती आला तो भाच्याच्या घरी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून एकेक पात्र होऊन गोष्ट रचत जाण्याचा खेळ खेळायला बसले तेव्हाच. या कागदाला कॅरेक्टर शीट म्हणतात. डावीकडे ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप असे सहा गुण व त्यांचे आकडे, मधोमध चिलखत किती भक्कम आहे आणि अंगात जीव किती उरला आहे याचे आकडे, आणि उजवीकडे स्वभाव, ध्येय, जिव्हाळ्याची माणसे व दोष. बुद्धी आणि शहाणपण यांसाठी दोन वेगळे रकाने ठेवणाऱ्याबद्दल मला तिथल्या तिथे आदर वाटला.

भाच्याच्या टोळीतला एक गडी ऐनवेळी गळाला होता आणि त्याच्या जागी माझी भरती झाली होती. वाट्याला आली ती डोंगराच्या पोटात राहणाऱ्या ड्वार्फ कुळातली क्लेरिक, म्हणजे चिलखत चढवून लढाईला उभी राहणारी आणि मंत्र म्हणून जखमाही भरून काढणारी पुजारीण. आकडे भाच्याने आधीच भरून ठेवले होते. शहाणपण 16, म्हणून शहाणपणासाठी टाकलेल्या फाशाच्या प्रत्येक दानात 3 मिळवायचे. छाप 12, म्हणून तिथे फक्त 1. आकड्यातून 10 वजा करून उरेल त्याचे निम्मे करायचे, एवढाच हा हिशेब असतो, पण जिचा उभा जन्म खातेवह्या तपासण्यात गेला तिला तो एका पोराने फार सावकाश समजावून सांगितला. इतरांच्या पात्रांची नावे उच्चारताना जीभ अडखळत होती. मी माझ्या पुजारणीचे नाव धोंडूबाई ठेवले आणि ते कोणालाही दुसऱ्यांदा विचारावे लागले नाही. दोषाच्या चौकटीत मी लिहिले, ‘समोरच्याला खायला घातल्यावाचून हिला राहवत नाही.’

“मावशी, हे पात्राचं लिहायचंय, तुझं नाही,” भाचा म्हणाला. मी ते तसेच ठेवले.

या खेळाला पट नसला तरी चालते, फाशांवाचून मात्र चालत नाही. चार, सहा, आठ, बारा आणि वीस पैलूंचे फासे म्हणजे भूमितीत सर्व पैलू, कडा आणि कोपरे सारखे असणाऱ्या ज्या पाचच घनाकृती संभवतात त्या. दहा पैलूंचा मात्र त्या कुळातला नाही, तो सोयीसाठी घरात घेतलेला आहे. सगळा कारभार चालतो तो वीस पैलूंच्या फाशावर. त्याचे समोरासमोरचे आकडे मिळवले की 21 होतात. तो टाकला की सहा पैलूंच्या फाशासारखा धपकन बसत नाही. जवळजवळ गोलच असल्यामुळे टेबलावर लांबवर घरंगळत जातो, थांबल्यासारखा वाटतो आणि मग एखाद्या कडेवरून कलंडून शेजारच्याच आकड्यावर विसावतो. त्या कलंडण्यापुरता सगळ्यांचा श्वास रोखलेला असतो. ग्रीक अक्षरे कोरलेले असे वीस पैलूंचे फासे प्राचीन इजिप्तमध्येही होते आणि त्यांतले काही न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. त्या काळी ते टाकून काय ठरवत असतील कोण जाणे, पण टाकणाऱ्याचा श्वास तेव्हाही रोखलेला असणार.

हा खेळ निघाला युद्धाच्या खेळांतून. 1824 साली प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना डावपेच शिकवण्यासाठी नकाशावर खेळायचा एक प्रकार आला. त्यात दोन्ही बाजूंचे हुकूम ऐकून निकाल देणारा एक पंच असे. पुढे अमेरिकेत शिशाचे शिपाई मांडून जुन्या लढाया खेळणारी मंडळे निघाली. त्यांतल्या मिनेसोटाच्या डेव्ह आर्नेसनने सबंध पलटणीऐवजी प्रत्येक गड्याच्या हाती एकेकच माणूस दिला, आणि विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावच्या गॅरी गायगॅक्सबरोबर त्याने या खेळाचे नियम 1974 साली प्रसिद्ध केले. पेटीत तीन लहान पुस्तिका होत्या आणि पहिली आवृत्ती 1000 प्रतींची होती. सेनापतीचा साधा शिपाई झाला की त्याला भूक लागते, भीती वाटते, घरची आठवण येते. माझ्या मते या खेळातली सगळी करामत या एका बदलात आहे. पंच तेवढा राहिला. त्याला आता डंजन मास्टर म्हणतात आणि आमच्याकडे तो मान भाच्याकडे होता.

तर भाच्याने सांगायला सुरुवात केली. आम्ही सामानाची गाडी घेऊन रानातल्या वाटेने चाललो आहोत. पुढे वळणावर दोन घोडे मरून आडवे पडले आहेत. त्यांच्या अंगात काळ्या पिसांचे बाण रुतले आहेत. एवढे सांगून तो थांबला आणि म्हणाला, “काय करता?” मी उत्तराचे पर्याय येतील म्हणून वाट पाहत राहिले. ते आले नाहीत. संगणकावरच्या खेळात ज्या दाराला कडी नसते ते दार उघडत नाही. इथे मात्र घोड्यांवर काय लादले होते, असे विचारावे तर खोगिराच्या पिशव्या रिकाम्या केलेल्या दिसतात, आणि बाण किती जुने, असे विचारावे तर डंजन मास्टर क्षणभर छताकडे पाहून त्याचेही उत्तर देतो. हे उत्तर पुस्तकात नव्हते, ते माझ्या विचारण्यामुळे नुकतेच जन्माला आले होते, हे ध्यानात आल्यावर मी जरा जास्तच प्रश्न विचारू लागले.

झुडपांतून चार गॉब्लिन, म्हणजे परीकथांतले बुटके दुष्ट लुटारू, निघाले आणि लढाई जुंपली. लढाईबद्दल फार सांगण्यासारखे नाही, ती पाळीपाळीने आकडे वजा करत जाते. एक प्रसंग मात्र सांगायला हवा. आमचा योद्धा शून्यावर येऊन कोसळला. असे झाले की त्या गड्याने प्रत्येक पाळीला वीसचा फासा टाकायचा. 10 किंवा अधिक पडले तर एक खूण जगण्याकडे, कमी पडले तर एक खूण मरणाकडे, आणि ज्या बाजूच्या तीन खुणा आधी भरतील तो निकाल. एक एरवी अतिशय बडबडा तरुण आपल्याच मरणाचे दान टाकताना एकदम गप्प झाला. मरणाकडे दोन खुणा झाल्या तेव्हा धोंडूबाईची पाळी आली आणि तिने त्याच्या कपाळावर हात ठेवून मंत्र म्हटला; आठ पैलूंच्या फाशावर 5 पडले, त्यात शहाणपणाचे 3 मिळवून 8 अंकांइतका जीव परत आला. “थँक यू, मावशी,” तो म्हणाला, आणि ते नुसते खेळातले नव्हते.

शेवटचा गॉब्लिन शरण आला. मुलांना त्याचा निकाल लावायची घाई होती. धोंडूबाईने त्याच्या दंडाला पट्टी बांधली, आपल्या पिशवीतली भाकरी त्याच्या पुढे केली आणि मग तुमचा अड्डा कुठे आहे ते विचारले. त्याला बोलते करायला 15 लागणार होते; छापेचा 1 धरला तर फाशावर 14 तरी पडायला हवे, म्हणजे शंभरात 35 वेळा. पण कागदावर लिहिलेल्या दोषाला जागून वागले की डंजन मास्टर बक्षीस देऊ शकतो आणि ते खर्चून दोन फासे टाकून त्यांतला चांगला घेता येतो. त्यामुळे माझे 35 टक्के जवळजवळ 58 झाले. फासे घरंगळले. एकावर 3 आणि दुसऱ्यावर 9.

गॉब्लिन भाकरी चावत हसला आणि म्हणाला, “या पायवाटेनं सरळ जा, वाट अगदी निर्धोक आहे.”

तो खोटे बोलतो आहे हे टेबलाभोवती सगळ्यांना दिसत होते, कारण फासे सगळ्यांसमोर पडले होते. धोंडूबाईला मात्र ते माहीत नव्हते. तिने एका जखमी जिवाला जेवू घातले होते आणि त्याने तिला वाट दाखवली होती. मी मुलांकडे पाहिले. त्यांच्यातला एकही जण ‘मावशी, नको’ म्हणाला नाही. जादूगार झालेल्या मुलीने आपला कागद आवरला आणि गंभीरपणे म्हणाली, “पुजारीणबाई सांगतात तर चला.” कोकणातल्या दशावतारात आख्यान ठरलेले असते आणि संवाद नट उभ्या-उभ्या रचतात, इथे तर सूत्रधारालाही शेवट ठाऊक नव्हता. भाच्याने अड्ड्याचा मोठा नकाशा काढून ठेवला होता तो त्याने निमूटपणे बाजूला सारला आणि कोऱ्या कागदावर घाईघाईने एक पायवाट काढू लागला. पाच शहाणीसुरती माणसे पुढे फसवणूक आहे हे पक्के माहीत असताना, एका खोट्या पुजारणीचा शब्द राखण्यासाठी तिच्या मागून निघाली. मी आजवर जिंकलेल्या कुठल्याही पत्त्यांच्या डावात एवढी मजा आल्याचे मला आठवत नाही.

पायवाटेवर पाचोळ्याखाली 10 फूट खोल खड्डा होता. तोल सावरायला चपळाई लागते आणि चिलखतातल्या धोंडूबाईची चपळाई उणे 1 आहे. ती पडली, सहा पैलूंच्या फाशाने तिचा जीव 4 अंकांनी कमी केला, आणि तेवढ्यात कोणाच्या तरी आईचा जेवायला ये म्हणून फोन आला. डाव तिथेच थांबला. पुढचा रविवार एकाच्या परीक्षेमुळे गेला, त्यापुढचा दुसऱ्याच्या चुलतबहिणीच्या लग्नात जाणार आहे. धोंडूबाई तोवर खड्ड्यात आहे. तिच्या सामानात मशाली आहेत, पाण्याची पखाल आहे आणि 50 फुटांचा दोर आहे. वर ओढायला 10 फूट पुरतील, उरलेल्या 40 फुटांत एक गॉब्लिन व्यवस्थित बांधता येईल की नाही, ते मी भाच्याला फोन करून विचारले आहे.