देवघरातल्या डब्यातले पाच रुपये

गेल्या दिवाळीत आईच्या देवघराची आवराआवर करताना सुट्ट्या पैशांच्या डब्यात पाच रुपयांचे एक जुने, जाड नाणे हाती लागले. १९९९ सालचे हे नाणे काळे पडले होते, म्हणून तांब्याची भांडी घासताना मी तेही चिंच-मिठाने घासले. या चुकीची किंमत मला नंतर कळली.

स्वच्छ झालेल्या नाण्यावर, सालाच्या खाली, एक लांबट गोल चौकट दिसली. नाशिकरोडला नोटा छापल्या जातात. नाणी मात्र भारतात मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा येथे पडतात. मुंबईची खूण पत्त्यांतल्या चौकटसारखा हिरा, हैदराबादची तारा, नोएडाची ठिपका आणि कोलकात्याची खूणच नाही, एवढे मला ठाऊक होते. त्यात ही खूण कुठेच बसेना. भिंगाखाली चौकटीत रशियन लिपीतली तीन अक्षरे उमटलेली दिसली, तेव्हा उलगडा झाला की हे नाणे मॉस्कोच्या टाकसाळीत पडलेले आहे.

तरीही ते खरे आहे का, हे पाहणे भाग होते, कारण या जाड पाचांची बनावट नाणीही चलनात आली होती. अंबडच्या कारखान्यात मी रोज व्हर्नियर, म्हणजे बारीक मापे घेण्याचे साधन, हाताळतो. व्यास २३ मिलिमीटर भरला. सराफ बाजारातल्या ओळखीच्या दुकानदाराने काट्यावर वजन करून दिले, ते ९ ग्रॅमला जरा कमी, म्हणजे झीज धरून बरोबर होते. लोहचुंबक त्याला चिकटला नाही, कारण तांबे-निकेलच्या मिश्रधातूला तो चिकटत नाही. २००७ च्या सुमारास आलेले पोलादी पाच रुपये मात्र लगेच चिकटले. कडेवरची मधली खोबणीही जागेवर होती.

मोलाच्या बाबतीत माझ्या भाच्याने आधीच स्वप्ने रंगवली होती. ‘मामा, वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो मिळतात म्हणे!’ अशाच आमिषांनी फसवणूक होते म्हणून रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना सावध केले होते, हे मी त्याला सांगितले. एका जुन्या नाणेविक्रेत्याने नाणे तिरपे धरून उजेडात फिरवले आणि विचारले, ‘घासलंत ना?’ घासल्याचे बारीक ओरखडे सगळीकडे पसरलेले होते. न वापरलेले, मूळ चकाकीचे असते तर त्याने बरी रक्कम दिली असती. या नाण्याचे त्याने साठ रुपये सांगितले. मी विकले नाही.

आता ते पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात आहे. मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकची पाकिटे कालांतराने चिकट होऊन धातूवर हिरवट थर आणतात, म्हणून ती टाळली. इथल्या पावसाळ्यातली दमट हवा लक्षात घेऊन डब्यात सिलिका जेलची पुडीही ठेवली आहे. नाणे उचलायचे ते फक्त कडेने, हे भाच्यालाही बजावले आहे. आई मात्र अजून विचारते, ‘पाच रुपयांना एवढं सोवळं कशाला?’