हलका लॅपटॉप, पण कामाला कसा?

ऑफिससाठी तपासायला आलेल्या एका १४ इंची, सव्वा किलोच्या आतल्या लॅपटॉपवर आज माझी सगळी रोजची कामं केली. हातात घेतला की हायसं वाटतं, खरंय. पण नुसत्या वजनावर भाळून खरेदी करू नये, असं मला मनापासून वाटतं.

कीबोर्ड आवडला. स्क्रीन १६:१० ची (रुंदी-उंचीचं प्रमाण), १९२० × १२०० पिक्सेल. म्हणजे नेहमीच्या १९२० × १०८० स्क्रीनपेक्षा उंचीत १२० पिक्सेल जास्त. मोठी एक्सेल शीट उघडली की फरक लगेच जाणवतो.

खरा कस दुपारी लागला. व्हिडिओ कॉल, भरमसाट टॅब आणि मागे एक जड फाइल. सुरुवातीला सुसाट, मग पंखा घोंगावायला लागला आणि वेग उतरला. पातळ बॉडीत उष्णता बाहेर पडायला वाव कमी, त्यामुळे तापमान वाढलं की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. दोन मिनिटांच्या बेंचमार्कवर, म्हणजे वेग मोजायच्या चाचणीवर, म्हणूनच माझा विश्वास नाही. अर्धा तास सलग ताण द्या, मग आकडे बघा.

आणि रॅम! थेट बोर्डवर सोल्डर केलेली, नंतर वाढवायची सोयच नाही. मशीन चार-पाच वर्षं वापरायचं असेल तर १६ जीबीच्या खाली मी तरी होकार देणार नाही. एसएसडी, म्हणजे फाइल साठवायची ड्राइव्ह, बदलता येते, हे बरं. टाइप-सीची एकच केबल डॉकला (सगळ्या जोडण्या एकत्र करणाऱ्या डब्याला) जोडली की मॉनिटर, नेटवर्क, चार्जिंग सगळं चालू, हे तर फारच छान.

उद्या तो अकाउंट्सच्या सहकाऱ्यांकडे देतेय. त्यांचं मत ऐकल्याशिवाय ऑर्डर नाही.