आवाज जिथून निघायचा

गुरुवार

माझ्या रेडिओ संग्रहालयासाठी वरच्या मजल्याची जागा पक्की झाली. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराचं खालचं दुकान रिकामं आहे, रस्त्याला लागून आहे, कुणाला जिना चढावा लागणार नाही. म्हणून घरचे सगळे म्हणत होते, संग्रहालय खालीच कर. पण ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्यात शिरलं, तेव्हा लोकांच्या तळमजल्यांचं काय झालं ते मी पाहिलं आहे. लाकडी पेटीचा रेडिओ एक रात्र पाण्यात राहिला की प्लायवूडचे थर सुटतात, स्पीकरचा कागद गळून पडतो आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरलेली ओल सहजासहजी निघत नाही. तेव्हा वरच. जड सामान भिंतीच्या कडेनं, तुळयांच्या टोकांवर ठेवायचं; मधली जागा माणसांना. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा करून घेणार, कारण ज्यांना हे सगळं आठवतं ते आता सत्तरीच्या पुढचे आहेत.

पुतणी इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्र शिकते. हा विभाग १९५२ पासून आहे, देशातला या विषयाचा पहिला. सयाजीबागेतलं म्युझियम तर १८९४ चं. म्हणजे वस्तू जपायच्या कशा, हे विचारायला मला बडोद्याबाहेर जावं लागणार नाही. तिनं पहिल्याच बैठकीत विचारलं, "काका, तुमच्या संग्रहालयात काय नसणार, ते आधी ठरवा."

दिवसभर तोच विचार डोक्यात आहे.

शुक्रवार

ठरलं. घरोघरचे रेडिओ इथे असतील, पण मोजके. आधी मान प्रसारणाच्या बाजूचा: मायक्रोफोन, आवाज एकत्र करणारे मिक्सर, स्पूलची मशिनं (चाकावर गुंडाळलेल्या टेपेवर आवाज भरणारी आणि वाजवणारी), स्टुडिओतली तबकड्या वाजवायची टर्नटेबलं, कार्यक्रम हवेत सोडणाऱ्या ट्रान्समीटरचे व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या).

घरातला मर्फी किंवा फिलिप्स कुणी ना कुणी जपतंच. तो पदरच्या पैशानं घेतलेला असतो, त्यावर क्रोशाचं कापड घातलेलं असतं, लग्नाच्या फोटोत तो मागे दिसतो. बंद पडला तरी माळ्यावर जातो, बाहेर जात नाही. स्टुडिओतल्या यंत्राला असं घर नसतं. ते सरकारी सामान. जुनं झालं की नोंदवहीतून कमी होतं, लिलावात लागतं आणि किलोच्या भावानं जातं. भंगारवाला आधी तांबं काढतो, मग ॲल्युमिनियम. ज्या मशिनवर एका शहराच्या चाळीस वर्षांच्या सकाळी वाजल्या, त्याची किंमत आतल्या धातूच्या वजनाएवढी होते. मला याचा फार त्रास होतो. हे सगळं उभं करण्याचं खरं कारण तेच आहे.

बडोद्याला तर हे जास्तच लागू आहे. १९४७ मध्ये फाळणीनंतर भारतात ऑल इंडिया रेडिओची सहा केंद्रं उरली: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. संस्थानांची स्वतःची पाच होती: म्हैसूर, त्रिवेंद्रम, हैदराबाद, औरंगाबाद आणि आमचं बडोदे. पुढच्याच वर्षी ते ऑल इंडिया रेडिओकडे गेलं. आजच्या बडोद्यात किती जणांना माहीत आहे की या संस्थानाचा स्वतःचा रेडिओ होता? पुतणीला भिंतीवरचा तक्ता २३ जुलै १९२७ पासून सुरू करायचा होता, म्हणजे मुंबईचं केंद्र सुरू झालं त्या दिवसापासून. मी म्हटलं, मुंबईचं मुंबईकर सांगतील, आपला तक्ता बडोद्यापासून सुरू होईल. तिला ते पटलं.

रविवार

अमदावादला साबरमतीकाठच्या गुजरीत, म्हणजे जुन्या बाजारात, जाऊन आलो. एक स्पूल मशिन मिळालं, स्टुडिओचं, हातानं उचलवत नाही असलं. टेप ओढणारा रबराचा पिंच रोलर डांबरासारखा चिकट झालाय, पण टेपेवरचा आवाज वाचणारे हेड शाबूत आहेत. सोबत एका पोत्यात टेपा.

टेपांचा डबा उघडताच व्हिनेगरचा भपकारा आला. म्हणजे त्या ॲसिटेटच्या. आतून आम्ल सुटत जातं, टेप आखडते, वाकडी होते आणि शेजारच्या चांगल्या टेपांनाही ते बाधतं. त्या लगेच बाजूला काढून गच्चीलगतच्या खोलीत ठेवल्या. बाकीच्या पॉलिएस्टरच्या आहेत, त्या तरतील. १२०० फुटांचं एक स्पूल सेकंदाला साडेसात इंच वेगानं फिरलं की ३२ मिनिटं वाजतं. कार्यक्रम अर्ध्या तासाचाच का असायचा याचा थोडासा उलगडा त्या स्पूलच्या मापातही होतो, असं मला वाटतं.

आतले जोड पाहण्यासारखे आहेत. तिरके, ४५ अंशात कापलेले. सरळ कापलं तर जोडावर टक्क असा आवाज येतो; तिरका काप एक आवाज हळूच दुसऱ्यात मिसळून देतो. कुणीतरी ब्लेडनं एक खोकला किंवा चुकलेला शब्द काढून टाकला असणार, आणि ऐकणाऱ्याला ते कधीच कळलं नसणार. अशा कसबाला नाव लागत नसे.

मंगळवार

आज जोराचा वाद झाला, आणि चांगला झाला.

पाच व्हॉल्व्हचा एक सेट चालू करायला घेतला होता. मी तो थेट विजेला लावत नाही, सिरीज बल्बवर घेतो, म्हणजे विजेच्या वाटेत एक बल्ब जोडतो: बल्ब भगभगीत पेटला तर आत शॉर्ट आहे, मंद झाला तर पुढे जायचं. इथपर्यंत पुतणीची हरकत नव्हती. मग मी कागदी कंडेन्सर (वीज साठवणारा छोटा भाग) काढायला लागलो. तिनं माझा हात धरला. "हा भाग मूळचा आहे. तो काढला की तुमच्याकडे १९५० च्या दशकातला रेडिओ राहत नाही, दुरुस्त केलेला रेडिओ राहतो."

तिचं चूक नाही. पण तो कंडेन्सर तसाच ठेवला तर काय होतं, तेही तिला दाखवलं. इतक्या वर्षांत त्याच्यातला कागद ओल धरतो, त्यातून थोडा थोडा पॉझिटिव्ह व्होल्टेज शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, म्हणजे त्याचा करंट आवरणाऱ्या जाळीवर, झिरपतो, व्हॉल्व्ह भलताच करंट ओढायला लागतो, लाल होतो आणि स्वतःबरोबर आउटपुट ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातो. दोन रुपयांचा भाग जपायला गेलो तर पुन्हा न मिळणारा भाग जाईल.

शेवटी तोडगा निघाला. जुन्या कंडेन्सरची पुठ्ठ्याची नळी गरम करून आतला गाभा काढायचा, त्यात आजचा छोटा कंडेन्सर बसवायचा आणि मेणानं तोंड बंद करायचं. काढलेला गाभा पाकिटात घालून त्यावर वस्तूचा नोंद क्रमांक टाकायचा, आधीचे-नंतरचे फोटो वहीत लावायचे. पुढे कुणाला वाटलं तर सगळं जसंच्या तसं परत बसवता आलं पाहिजे. शिवाय प्रत्येक जातीचा एकच सेट बोलता करायचा. दुसरा असेल तर तो जसा आला तसाच ठेवायचा, बंद. मला हे पूर्ण मान्य आहे. मुकी यंत्रं कितीही चकचकीत मांडली तरी आवाजाचं संग्रहालय होत नाही. आणि सगळीच बोलती करण्याच्या हौसेपायी पुरावा नष्ट करणंही बरोबर नाही.

याच सेटच्या डायलच्या काचेवर लाल नेलपॉलिशचा एक ठिपका आहे, शॉर्टवेव्हच्या पट्टीवर. पुसायचा नाही, असं तिनं बजावलं. मला तो रेडिओ सिलोनचा, म्हणजे श्रीलंकेच्या स्टेशनचा, असावा असं वाटतं. केसकर माहिती व प्रसारण मंत्री असताना, १९५२ नंतर, आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली आणि अख्खा देश सिलोनकडे वळला. त्यावर ३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीची विविध भारती ही गाण्यांची सेवा आली. धोरणांचा एवढा इतिहास, आणि कुणा घरातल्या बाईनं किंवा मुलीनं तो काचेवर ठिपक्यानं नोंदवून ठेवलाय.

शनिवार

ओळखीतून एक निवृत्त गृहस्थ आले. स्टुडिओत आयुष्य गेलेलं. ते आमचं स्पूल मशिन बघून खुर्चीवर बसलेच नाहीत. टेप हातात घेतली आणि माझ्याशी बोलत बोलत, खाली न बघता, रोलरवरून, हेडवरून, उजव्या स्पूलमध्ये ओवून मोकळे झाले. मग म्हणाले, "वाजवून झाली की उलटी गुंडाळून ठेवू नका. शेवट बाहेर राहू दे." कारणही सांगितलं: टेपेच्या एका वेटोळ्यातला आवाज शेजारच्या वेटोळ्यावर हलका उमटतो. शेवट बाहेर ठेवला की तो प्रतिध्वनीसारखा मागून ऐकू येतो, खपून जातो. नाहीतर शब्दाच्या आधीच त्याची सावली ऐकू येते.

हे कुठल्याही मशिनवर लिहिलेलं नसतं. म्हणून आजपासून नियम: प्रत्येक यंत्राबरोबर ते चालवणाऱ्या माणसाचं बोलणं रेकॉर्ड करायचं, आणि जमेल तिथे त्याच्या हातांचा व्हिडिओही. यंत्र एकवेळ पाच वर्षांनी मिळेल. माणसांसाठी मात्र घाई केली पाहिजे.

सोमवार

दुसरी घाई मीडियम वेव्हची, म्हणजे जुने सेट ज्या पट्टीवर स्टेशन पकडतात तिची. गेल्या काही वर्षांत आकाशवाणीचे मीडियम वेव्हचे ट्रान्समीटर एकामागून एक बंद होत आहेत. एफएम आणि मोबाइल आल्यावर विजेचा तो खर्च परवडत नाही, हे समजतं. पण मग आम्ही इतक्या मेहनतीनं बोलते केलेले सेट ऐकणार काय?

उपाय काढला आहे. वरच्या खोलीतल्या टेपेचा आवाज सिग्नल जनरेटरमधून (स्टेशनसारखी लहर तयार करणाऱ्या छोट्या यंत्रातून) वायरनं थेट सेटच्या एरियलला द्यायचा. हवेत काही सोडायचं नाही, परवान्याचा प्रश्न नको. मुलांनी एका टोकाला मायक्रोफोनसमोर बोलायचं, दुसऱ्या टोकाला मित्रानं डायल फिरवत त्याला शोधायचं. सापडताना आधी शिट्टी येईल, मग खरखर, मग आवाज. हा शोध आजच्या मुलांनी कधी अनुभवलेलाच नाही; बटण दाबलं की स्टेशन हजर.

सुतार बुधवारी कठड्याचं माप घ्यायला येतो आहे. रिबन मायक्रोफोन, म्हणजे धातूच्या पातळ पट्टीवर आवाज पकडणारा जुना मायक्रोफोन, अजून मिळालेला नाही. त्याच्यासाठी मधली काचपेटी रिकामी ठेवायची, दुसरं काही भरायचं नाही.