नोंद चौथी : गाठींची साइट शोधातून कशी गेली

मंडळी, मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की साइटला गूगलचा दंड बसलाय. ते मागे घेते. साइट शोधातून गेली हे खरं, पण दंड बसलाच नव्हता. हे कळायला मला सात आठवडे लागले, आणि त्यातले निदान तीन निव्वळ माझ्या हट्टापायी गेले. म्हणून ही नोंद जरा लांब.

नव्याने आलेल्यांसाठी: साइट दोरीच्या गाठींची. १८६ पानं, एका गाठीला एक पान, फोटो घरीच काढलेले. जाहिराती नाहीत.

आठवडे १ आणि २

सर्च कन्सोलमधला (साइट शोधात कशी दिसते हे मालकाला दाखवणारं गूगलचं साधन) क्लिकचा आलेख एका मंगळवारी कड्यावरून पडल्यासारखा खाली आला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. २०१० साली साइट सुरू केली तेव्हा शोधात वर यावं म्हणून मी लिंकांची देवाणघेवाण भरपूर केली होती. तळाशी 'मित्रांच्या साइट' असा रकाना होता, त्यात चाळीसेक लिंका, आणि त्यातल्या निम्म्यांचा गाठींशी काडीचा संबंध नव्हता. तेव्हा सगळेच करायचे. फेब्रुवारी २०११मध्ये गूगलचं पांडा अपडेट आलं, म्हणजे निकाल लावायच्या पद्धतीतला बदल; ते पोकळ मजकुराच्या मागे लागलं. एप्रिल २०१२मध्ये पेंग्विन आलं, ते बनावट लिंकांच्या. मला वाटलं, जुनं पाप आत्ता भोवतंय.

दोन आठवडे बसून डिसअव्हाव फाइल तयार केली, म्हणजे 'या लिंका माझ्या धरू नका' असं गूगलला कळवायची यादी. ही सोय ऑक्टोबर २०१२पासून आहे. पण सप्टेंबर २०१६मध्ये पेंग्विन मुख्य अल्गोरिदममध्ये (निकालांचा क्रम ठरवणाऱ्या गणितात) गेलं, तेव्हापासून असल्या लिंकांपायी सहसा साइटला खाली ढकलत नाहीत, लिंक फक्त हिशेबात धरत नाहीत. लिंकांवरून मॅन्युअल ॲक्शन (गूगलच्या माणसाने केलेली कारवाई) आलेली असेल किंवा येण्याची चिन्हं असतील, तरच या यादीत वेळ घालावा. मला हे यादी पूर्ण झाल्यावर कळलं. पाठवली नाही.

आठवडा ३

सर्च कन्सोलमधलं मॅन्युअल ॲक्शन्सचं पान उघडायला अर्धा मिनिट लागतो. मी ते तिसऱ्या आठवड्यात उघडलं.

खरा दंड म्हणतात तो हा. गूगलचा माणूस साइट बघतो, नियमभंग नोंदवतो आणि त्याची सूचना या पानावर येते. दुरुस्ती करून फेरविचाराची विनंती करता येते. २००६मध्ये बीएमडब्ल्यूची जर्मन साइट डोअरवे पानांपायी (फक्त शोधयंत्रासाठी रचलेली, वाचकाला दुसरीकडे वळवणारी पानं) इंडेक्समधून, म्हणजे गूगलच्या पानांच्या यादीतून, काढली होती. जानेवारी २०१२मध्ये तर क्रोमचं पान गूगलने स्वतःच साठ दिवस खाली ढकललं, कारण पैसे देऊन करवून घेतलेल्या जाहिरातीत 'ही लिंक मोजू नका' अशी खूण नसलेली एक लिंक राहून गेली होती. घरच्यालाही सोडलं नाही. अल्गोरिदमने साइट घसरली तर मात्र कुणी काही कळवत नाही, तारखा जुळवत बसावं लागतं. आपण दोन्हीला 'दंड'च म्हणतो आणि मग औषध भलत्याच रोगावर देतो.

माझ्या पानावर हिरवी खूण होती: काही अडचण नाही. त्याच्याच खाली 'सिक्युरिटी इश्यूज'. तिथे लाल. साइट हॅक झालेली आहे. मेलही आला होता म्हणे, पण तो साइटच्या नावाने काढलेल्या पत्त्यावर, आणि तो डबा मी वर्षभर उघडलेला नाही.

मग गूगलमध्ये 'साइट', विसर्गासारखी दोन टिंबं आणि माझं डोमेन टाकून शोधलं. १८६ पानांच्या साइटचे हजारो निकाल, पानामागून पान जपानी लिपीत. बॅगा, घड्याळं, बूट. मी कधीही न केलेल्या फोल्डरांतले पत्ते. क्लिक केलं की 'पान सापडलं नाही'. ब्राउझरला गूगलबॉटचं (पानं वाचत फिरणाऱ्या गूगलच्या प्रोग्रामचं) सोंग घ्यायला लावलं, तरी तेच. शेवटी त्यातला एक पत्ता सर्च कन्सोलच्या यूआरएल तपासणीत घालून लाइव्ह चाचणी केली, आणि स्क्रीनशॉटमध्ये अख्खं दुकान! वर सवलतीची पट्टी, खाली हातातल्या बॅगांच्या रांगा, आणि पत्ता माझा. आलेल्याचं फक्त नाव नाही, आयपी पत्ताही तपासून तो खरा गूगलबॉट असला तरच दुकान उघडायचं, असा तो कोड होता. याला क्लोकिंग म्हणतात.

फाइल सापडली ती सुरगाठीच्या फोटोंच्या फोल्डरात. नाव फोटोसारखं, शेपूट पीएचपीचं (म्हणजे सर्व्हरवर चालणारा कोड), आत एकच लांबलचक ओळ अगम्य अक्षरांची. फोटोंच्या फोल्डरात पीएचपीचं काय काम? शिवाय एचटीॲक्सेस या सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये दोन परक्या ओळी, आणि सर्च कन्सोलमध्ये एक अनोळखी मालक. त्याला नुसता काढून भागत नाही, हे लक्षात ठेवा. मालकी पटवायला त्याने साइटच्या मुख्य फोल्डरात ठेवलेली एचटीएमएल फाइलही उडवावी लागते, नाहीतर तो परत येतो. चोर शिरला होता फोटोंच्या गॅलरीच्या प्लगइनमधून (साइटला जोडलेल्या तयार प्रोग्राममधून). मी ते तीन वर्षं अद्ययावत केलेलं नव्हतं.

आठवडा ४

सगळं पुसून नवं बसवलं, पासवर्ड बदलले. आणि शहाणपणा करायला गेले: त्या बनावट फोल्डरांना रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये बंदी घातली. ही फाइल बॉटला आत येऊ देत नाही इतकंच. आधीच इंडेक्समध्ये असलेला पत्ता त्याने निघत नाही. उलट बॉट आत येऊ शकला नाही की पान मेलंय हे त्याला कळतच नाही. पाच दिवसांनी बंदी उठवली आणि त्या पत्त्यांना ४१० उत्तर दिलं, म्हणजे 'गेलं, परत येणार नाही'. ४०४ही ('पान सापडलं नाही') चालतं. सर्च कन्सोलचं रिमूव्हल टूल सुमारे सहा महिने पान झाकून ठेवतं, काढत नाही, म्हणून मी त्याच्या नादी लागले नाही.

पुनर्तपासणीची विनंती नवव्या दिवशी मान्य झाली. त्या दिवशी मी अंमळ लवकरच पेढे वाटले.

आठवडे ५ आणि ६

जपानी पानं घटू लागली. माझीही! १८६ची १४०, मग ६१. इंडेक्सच्या अहवालात कारण 'नोइंडेक्समुळे वगळलं'. नोइंडेक्स म्हणजे 'हे पान इंडेक्समध्ये घेऊ नका' ही सूचना. पानाचा सोर्स उघडून नोइंडेक्स शोधला, नाही. थीम चाळली, नाही. 'शोधयंत्रांना दूर ठेवा' ही वर्डप्रेसमधली (साइट ज्यावर चालते त्या प्रोग्राममधली) खूण बघितली, रिकामी. बिंगमधूनही पानं जायला लागली तेव्हाच ट्यूब पेटायला हवी होती: दोन वेगळी शोधयंत्रं एकाच आठवड्यात रुसत नाहीत, भानगड माझ्याकडचीच असणार.

दोन संध्याकाळी घालवल्यावर पानाऐवजी नुसते हेडर, म्हणजे पानाआधी सर्व्हर पाठवतो त्या ओळी, मागवून बघितले. नऊ ओळी आल्या. सातवी: एक्स-रोबोट्स-टॅग, नोइंडेक्स.

साफसफाईच्या वेळी सबडोमेनवर (माझ्याच डोमेनच्या उपपत्त्यावर) चाचणीची प्रत केली होती. ती शोधात येऊ नये म्हणून सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ही ओळ घातली होती. तिथे ती योग्यच होती. नंतर स्वच्छ प्रत उचलून मुख्य साइटवर ठेवली, त्या ओळीसकट. हेडर पानाच्या आधी जातो, सोर्समध्ये तो दिसणारच नाही. हॅकची निरगाठ सोडवली आणि स्वतः मारलेल्या सुरगाठीत अडकले. एक ओळ खोडली, संपलं.

आठवडा ७

साइटमॅप, म्हणजे पानांची यादी, गूगलला पुन्हा दिला, महत्त्वाच्या पानांसाठी हाताने इंडेक्सिंगची विनंती केली (रोज थोड्याच करता येतात). आज सकाळी १५८ पानं परत होती.

उरलेली २८ 'क्रॉल झालं, सध्या इंडेक्समध्ये नाही' या रकान्यात आहेत. हाही दंड नव्हे. बॉट आला, वाचून गेला, ठेवून घ्यावंसं वाटलं नाही. पानं उघडून बघितली तर त्याचं फारसं चुकलं नाही: एक फोटो, दोन ओळी, आणि शेजारच्या पानावर तीच गाठ दुसऱ्या बाजूने. त्यातली अकरा पानं तीन पानांत कालवून जुन्या पत्त्यांवरून ३०१ने ('पत्ता कायमचा बदलला' या उत्तराने) वळवणार आहे. पहिली जोडी रीफ नॉट आणि ग्रॅनी नॉटची, कारण त्या शेजारी ठेवल्याशिवाय फरक दिसतच नाही. लाल आणि पांढरी दोरी काढून ठेवलीय, फोटो रविवारी.