तुम्ही विचारलंत म्हणून : गुन्हा शाबीत होऊनही तो घरी कसा गेला?

मुंबईतील एका न्यायदंडाधिकारी न्यायालयासाठी मी परिविक्षा अधिकारी म्हणून काम करते, म्हणजे दोषी ठरलेल्या माणसाची चौकशी करून न्यायालयाला अहवाल देते आणि तुरुंगाऐवजी त्याला बाहेर ठेवले तर त्याच्यावर देखरेख करते. हुद्द्याचा अर्थ सांगून झाला की पुढचा प्रश्न हमखास येतो, मग विचारणारे लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले पाहुणे असोत की लोकलच्या डब्यातल्या रोजच्या ओळखीच्या बायका : "म्हणजे गुन्हा शाबीत झाला तरी तुम्ही त्याला सोडून देता?" आजवर मी या प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर देऊन विषय बदलत आले. गेल्या वर्षी मात्र हाच प्रश्न भाजी विकणाऱ्या एका मावशींनी मला न्यायालयाच्या व्हरांड्यात उभे करून विचारला. पहाटे मार्केटला जाण्यासाठी डब्यात जपून ठेवलेले त्यांचे ८,७०० रुपये शेजारच्या गल्लीतल्या एकोणीस वर्षांच्या मुलाने चोरले होते, त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला होता, आणि तो त्यांच्या डोळ्यांदेखत आईबरोबर घरी निघाला होता. त्या दिवशी मला त्यांना नीट उत्तर देता आले नाही. जे सांगायला हवे होते ते येथे सविस्तर लिहीत आहे.

अपराधी परिवीक्षा अधिनियम हा १९५८ चा कायदा आहे, आणि तेव्हाच्या मुंबई प्रांतात तर असाच कायदा त्याआधी वीस वर्षे, म्हणजे १९३८ मध्येच झाला होता. तेव्हा हे काही अलीकडचे लाड नव्हेत. कायद्याच्या कलम ४ प्रमाणे, फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेले गुन्हे वगळता, न्यायालय दोषी ठरलेल्या व्यक्तीला लगेच शिक्षा न सुनावता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, म्हणजे लेखी हमीवर, सोडू शकते. हे बंधपत्र जास्तीत जास्त तीन वर्षांचे असते, आणि देखरेखीचा आदेश झाला तर ती देखरेख किमान एक वर्ष चालते. कलम ६ याहून पुढे जाते. दोषी व्यक्ती एकवीस वर्षांखालील असेल आणि गुन्हा जन्मठेपेच्या शिक्षेचा नसेल, तर न्यायालयाने परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायलाच हवा, आणि तरीही तुरुंगात पाठवायचे ठरले तर त्याची कारणे लिहून ठेवायला हवीत. मावशींच्या प्रकरणातला मुलगा याच कलमाखाली आला होता.

अहवाल मागवला म्हणजे मी त्याच्या घरी गेले. दहा बाय दहाची खोली, वर पोटमाळा, दाराशी लोखंडी शिडी. त्याची आई टिकल्यांची पाकिटे भरण्याचे काम घरी आणत असे. बोलताना तिचे हात थांबत नव्हते आणि तिच्या अंगठ्याच्या टोकाला एक लाल टिकली चिकटलेली होती, जी तिने शेवटपर्यंत काढली नाही. तिच्याकडून फारसे काही कळले नाही, कारण आईला जे वाटते तेच तिने सांगितले. कळले ते तीन गल्ल्या सोडून असलेल्या गॅरेजमध्ये. मालक म्हणाले, "मॅडम, पोराच्या हातात कला आहे. पण सात तारीख उलटली की चार दिवस हा कुणाला दिसत नाही." सात तारीख म्हणजे पगाराचा दिवस. मी मुलाला पुन्हा एकट्याला बसवून विचारले, तेव्हा मोबाइलवर पैसे लावण्याचा नाद बाहेर आला. पगार दोन रात्रींत संपायचा, मग उधारी, मग तोंड लपवणे, आणि त्या महिन्यात उधारीवाला दारात येऊन बसल्यामुळे मावशींचा डबा.

आरोपपत्रात चोरीची तारीख, वेळ, रक्कम, पंच आणि पंचनामा असे सगळे होते, पण ती सात तारीख कुठेही नव्हती. कुणी चुकले म्हणून नव्हे, तर आरोपपत्राचे ते कामच नाही म्हणून. शिक्षा ठरवताना न्यायालयाने सुधारणेच्या अंगाने उपयोगी पडेल अशी माहिती स्वतःहून गोळा केली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने वेदप्रकाश विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात पूर्वीच सांगितले होते, आणि ती माहिती गोळा करायला रस्त्यावर उतरणारा माणूस म्हणजे आम्ही. माझ्या अहवालात मी मुलाची बाजू घेतली नाही. त्याला सवय काय आहे, ती केव्हा उसळते, घरात त्याला कोण आवरू शकते आणि कोण शकत नाही, एवढे लिहिले. मालक पगार महिन्याऐवजी दर शनिवारी थोडा थोडा द्यायला तयार झाले होते, तेही लिहिले. न्यायालयाने त्याला दोन वर्षांच्या बंधपत्रावर, माझ्या देखरेखीखाली, सोडले. शिवाय याच कायद्याच्या कलम ५ खाली भरपाईचा आदेश झाला. पोलिसांनी जप्त केलेले २,१०० रुपये मावशींना मिळायचे होते, आणि उरलेले ६,६०० त्याने दरमहा ११०० प्रमाणे सहा हप्त्यांत न्यायालयात भरायचे होते.

व्हरांड्यात मावशींना यातले काहीच कळलेले नव्हते. आदेश वाचला गेला तो न्यायालयाच्या भाषेत, घाईत, बोर्डावरची पुढची प्रकरणे खोळंबलेली असताना. त्यांना दिसला तो फक्त घरी निघालेला मुलगा. ज्याचे नुकसान झाले त्याला आदेश समजावून सांगणे हे कुणाच्याच कामाच्या यादीत नाही, आणि माझ्या मते आमच्या संपूर्ण व्यवस्थेतली ही सर्वांत मोठी उणीव आहे. आता मी आदेश झाल्यावर फिर्यादीला दहा मिनिटे बाजूला बसवते. ते आधीपासूनच करायला हवे होते.

"सोडून देता" हा शब्द मला खटकतो तो यासाठी. सोडून दिलेल्या माणसाची कुणी दर पंधरा दिवसांनी हजेरी घेत नाही, त्याच्या मालकाला फोन करत नाही, त्याच्या खाड्यांची नोंद ठेवत नाही. आम्ही माणूस सोपवतो. कधी आईवर, कधी मालकावर, कधी व्यसनमुक्ती केंद्रावर, आणि सोपवायला कुणीच नसेल तर तसे अहवालात स्पष्ट लिहितो. हे काम सुरू झाले तेही एका माणसाने दुसऱ्याला पदरात घेतल्यामुळेच. १८४१ साली अमेरिकेतील बॉस्टन शहरात जॉन ऑगस्टस नावाच्या बूट बनवणाऱ्या कारागिराने पोलीस न्यायालयात एका दारुड्याचा जामीन स्वतः भरला, तीन आठवड्यांनी त्याला शुद्धीवर, नीटनेटका असा पुन्हा न्यायाधीशांसमोर उभा केला, आणि न्यायाधीशांनी त्याला तुरुंगाऐवजी एक सेंट दंड केला. त्यानंतर ऑगस्टस मरेपर्यंत हेच करत राहिले, कुणाच्या पगारावर नव्हे.

योगायोग असा की आपल्याकडच्या नव्या शिक्षेतही दारुडा आहेच. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने सामुदायिक सेवा ही शिक्षा प्रथमच शिक्षांच्या यादीत घातली. ती मोजक्या सहा गुन्ह्यांना लागू आहे. त्यांत सार्वजनिक जागी दारूच्या नशेत गैरवर्तन करणे आहे, बदनामी आहे, आणि ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची, पहिल्यांदाच केलेली, माल किंवा किंमत परत केलेली चोरीही आहे. मावशींचा डबा हलका असता तर ते प्रकरण कदाचित याच वाटेने गेले असते. सामुदायिक सेवा म्हणजे समाजाच्या हिताचे, बिनमोबदला काम, अशी एका वाक्याची व्याख्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी खटल्यांच्या कार्यपद्धतीच्या नव्या कायद्यात, आहे. किती तास, कोणत्या ठिकाणी, हजेरी कुणी घ्यायची, हे त्या वाक्यात नाही, आणि आमची खरी दमछाक तिथेच होते.

पहिल्या वेळी माझ्याकडून चूक झाली. नशेत गोंधळ घातलेल्या एका रिक्षाचालकाला मी त्याच्याच वस्तीजवळच्या बागेत झाडलोट करायला सुचवले, जाण्यायेण्याचे भाडे वाचेल म्हणून. पहिल्याच सकाळी ओळखीच्या पोरांनी कुंपणाबाहेरून मोबाइलवर त्याचे चित्रण केले आणि ते वस्तीभर फिरले. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. मी घरी गेले तर बायको म्हणाली, "ताई, ह्याच्यापेक्षा तुरुंग बरा होता." तिचे खरे होते. मी शिक्षा म्हणून दिलेल्या कामाची धिंड झाली होती, आणि धिंड काढण्याचा अधिकार मला कोणत्याही कायद्याने दिलेला नाही.

तेव्हापासून जागा शोधताना मी एकच पाहते : तिथे त्या माणसाला कामाच्या नावाने हाक मारतील का? दोन ठिकाणी मला स्पष्ट नकार मिळाला. "गुन्हेगार नकोत" हे एकच कारण. अखेर एका सार्वजनिक रुग्णालयाने बाह्यरुग्ण विभागात माणूस घ्यायचे कबूल केले. व्हीलचेअर लावणे, वयस्कर रुग्णांना केसपेपरच्या खिडकीपासून तपासणीच्या खोलीपर्यंत नेणे, असे काम. न्यायालयाच्या परवानगीने रिक्षाचालकाचे उरलेले दिवस तिथे लावले. रुग्णालयात अशा कामातल्या पुरुषांना सगळे "मामा" म्हणतात. त्यालाही पहिल्या तासापासून लोक मामा म्हणू लागले, कारण लोकांना वेगळे काही ठाऊकच नव्हते. हजेरीपत्रकावर त्याची सही पहिल्या दिवशी कोपऱ्यात, बारीक अशी आहे. चौथ्या दिवसापासून ती रकान्याबाहेर जाईल इतकी मोठी झाली आहे. यावरून त्याची दारू सुटली असा निष्कर्ष मी काढत नाही. ती सुटलेली नाही, कमी झाली आहे, आणि व्यसनमुक्तीच्या सभेला तो अधूनमधून जातो.

येथे एका गैरसमजाविषयी लिहिले पाहिजे. मे २०२४ मध्ये पुण्यात मोटारीच्या धडकेत दोन तरुणांचा जीव गेला, आणि अल्पवयीन मुलाला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितल्याची बातमी घरोघरी पोहोचली. तेव्हापासून "निबंध लिहून घेणारे ते तुम्हीच का?" असेही विचारतात. लोकांचा संताप मला पूर्ण समजतो. तो माझ्याही मनात होता. पण ती बाल न्याय मंडळाने जामिनासाठी घातलेल्या अटींपैकी एक अट होती, शिक्षा नव्हती, आणि मी वर ज्या कामाविषयी लिहिले त्याची ती ओळख ठरू नये, एवढेच मला कळकळीने म्हणायचे आहे.

सगळे सुधारतात असा माझा दावा नाही. मोटारसायकलींच्या बॅटऱ्या चोरणारा एक मुलगा सहा महिने वेळेवर येत होता, मग येईनासा झाला, पत्ता बदलला, फोन बंद. कलम ९ प्रमाणे बंधपत्राच्या अटी मोडल्या तर न्यायालय त्याला बोलावून मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकते. पहिल्याच वेळी अट मोडली असेल तर बंधपत्र तसेच ठेवून ५० रुपयांपर्यंत दंडही करू शकते. हा पन्नासाचा आकडा १९५८ चा आहे आणि आजही तोच आहे. मी त्याच्याविरुद्ध अहवाल दिला. लिहिताना हात जड झाला होता, कारण त्याच्या घरचा चहा मी प्यायले होते, पण माझ्या अहवालावर न्यायालयाने विश्वास ठेवायचा असेल तर तो दोन्ही बाजूंनी खरा असला पाहिजे. त्याला तुरुंगवास झाला.

कायद्याचे कलम १२ सांगते की परिविक्षेवर सुटलेल्याला दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. प्रत्यक्षात पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र मागणाऱ्या नोकऱ्या या मुलांना मिळत नाहीत, आणि कलम दाखवून मी अजून एकाही मालकाचे मत बदलू शकलेले नाही. गॅरेजचे मालक बदलले नाहीत, ते मुळातच तसे होते. अशी माणसे शोधण्यात माझा अर्धा वेळ जातो.

मावशी गेल्या महिन्यात शेवटचा हप्ता घ्यायला न्यायालयात आल्या होत्या. पावतीवर सही करून झाल्यावर त्यांनी पैसे मोजले, रुमालात बांधले, आणि उठता उठता विचारले, "कामाला जातो का तो?" मी नोंदवही उघडून पाहिली. जातो, असे सांगितले. गेल्या महिन्यात चार खाडे झाले आहेत, त्यातले दोन सात तारखेनंतरचे, तेही सांगितले. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मग शनिवारी गॅरेजवर जाऊन बघा एकदा." मी गेले होते.