माझा अनुभव: मेणाच्या वडीसाठी पाच फेऱ्या

मुलगी नऊ वर्षांची. जन्मल्यावर पहिल्यांदा रडली तेव्हाच आवाज घोगरा, सगळे म्हणाले घसा बसलाय, ज्येष्ठमध चाटवा. पुढे पापण्यांच्या कडेला बारीक दाणे आले, माळेत ओवल्यासारखे, ते रांजणवाडीच्या ड्रॉप्सने कसले जातायत! डोळ्यांचे डॉक्टर वेगळे, घशाचे वेगळे, दोघांनी आपापलं बघितलं. मुंबईच्या स्किनच्या मॅडमनी नुसतं जीभ बाहेर काढ म्हटलं, ती ओठापलीकडे येईचना, मग मला विचारलं लग्न नात्यात झालंय का. सासू माझी सख्खी आत्याच. लायपॉइड प्रोटिनोसिस म्हणाल्या, कातडीत नि घशात एक पदार्थ साचत जाणारा आजार, ईसीएम१ जीनचा दोष, आईबाप दोघांकडून आला तरच होतो. १९२९ला व्हिएन्नातल्या एका स्किनच्या आणि एका घशाच्या डॉक्टरांनी मिळून मांडलेला आजार, हे ऐकून हसूच आलं मला.

खात्रीला बायोप्सी हवी. ती कोपरावरची आधीच झालेली, रिपोर्टात काहीच धड नव्हतं. मॅडम म्हणाल्या पोरीला परत कापायला नको, त्याच लॅबमधून ब्लॉक आणा, म्हणजे कातडीचा तो तुकडा बसवलेली मेणाची वडी, आम्ही पीएएस स्टेन करतो, म्हणजे साचलेला पदार्थ दिसावा म्हणून खास रंग देतो.

आणा म्हणे! देवगडहून पहिली फेरी: "रिपोर्ट दिला ना, मग?" दुसरी: अर्ज आणा. तिसरी: पेशंटची सही. अहो, चौथीतली पोर आहे! चौथ्या फेरीत काचेच्या स्लाइड हातात ठेवल्या, ब्लॉक नव्हेच. म्हणून सांगते, बायोप्सीच्या दिवशीच पावतीवरच्या नंबराचा फोटो काढून ठेवा, माझी पावती पावसात भिजून गेलेली, नंबराशिवाय ब्लॉक शोधणार कसा! पाचव्यांदा मी तिथेच बाकावर बसून राहिले, डबा काढून जेवलेसुद्धा, तेव्हा कुठे चारच्या सुमाराला खोका निघाला. प्लॅस्टिकच्या चौकटीत मेणाची वडी, बोटाच्या पेराएवढी, कडेला पेन्सिलीने नंबर. मे महिना, मेण वितळेल या धास्तीने रुमालात गुंडाळून गार पाण्याच्या बाटलीला चिकटवून कणकवलीहून तुतारी एक्स्प्रेसने दादरला नेली.

स्टेनमध्ये गुलाबी थर स्पष्ट दिसले, म्हणजे आजार तोच. पुरता बरा करणारं औषध नाहीये, पण स्वरतंतूंवर साचलेलं दुर्बिणीतून काढता येतं, आवाज थोडा सुटतो, परत साचूही शकतं. श्वासाला घरघर लागली तर थांबू नका, आणि फिट येऊ शकते हेही लक्षात ठेवा, मेंदूचा सीटी आम्ही त्यासाठीच केला.

परवा त्या लॅबचा फोन. ब्लॉक परत जमा करा, रजिस्टरात नोंद अपुरी आहे म्हणे.