काटा आधी पडला होता

पा द पेरोल ही फ्रान्सच्या मासिफ सांत्राल डोंगररांगांमधली सगळ्यात उंच गाडीरस्त्याची खिंड, १५८९ मीटर. सालेर्स गावाकडून येणारा डी ६८० रस्ता आधी नेरोनची खिंड ओलांडतो, मग जंगलातून जातो आणि शेवटी असा उभा चढतो की जुनी गाडी दुसऱ्या गिअरमध्येही कण्हते. त्या शेवटच्या टप्प्यात, दुपारी अडीच वाजता, १९७० ची एमजीबी, एक छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, बंद पडली. वळणाच्या जरा खाली, अरुंद रस्त्यावर, मागे दोन कॅम्परव्हॅन.

जुन्या गाड्यांच्या सहलीमागे सपोर्ट व्हॅन घेऊन जाणं हे माझं काम. सहा गाड्या, सात दिवस, दिवसाला सव्वाशे-दीडशे किलोमीटर. या कामातला मोठा भाग बिघाड टाळण्यात जातो, हे बाहेरून दिसत नाही. सकाळी निघण्याआधी ऑइल, पाणी, ब्रेक आणि क्लचचं फ्लुइड, तारेच्या चाकांचे नट. पंपावर प्रत्येकाच्या शेजारी उभं राहून हिरव्या नोझलवरचं लेबल वाचायचं. जुन्या गाडीत एसपी ९८ म्हणजे ९८ ऑक्टेनचं पेट्रोल घालायचं, त्यात इथेनॉल पाच टक्क्यांपर्यंतच असतं. ई १०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालं, जुने रबरी पाइप मऊ करतं, ई ८५ ला तर हातही लावायचा नाही. ‘गाझोल’ हा शब्द गॅसोलिनसारखा वाटतो, पण ते डिझेल. लहान गावातली स्पेअर पार्टची दुकानं बारा ते दोन बंद, रविवारी बंद, ऑगस्टमध्ये तर कधी उघडतील सांगता येत नाही. म्हणून जे लागेल ते व्हॅनमध्येच हवं.

ही एमजीबी आदल्या दिवशीही बंद पडली होती, रोकामादूर गावाच्या चढावर. लक्षण अगदी ओळखीचं: इंजिन तापलं की बंद, अर्धा-पाऊण तास थांबलं की पहिल्याच सेल्फला सुरू. खंडाळ्याच्या घाटात इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून उभ्या असलेल्या अँबॅसिडर आणि पद्मिनी ज्यांनी पाहिल्यात, त्यांच्या तोंडी एकच शब्द येतो: एअर लॉक, म्हणजे तापल्यामुळे पाइपात पेट्रोलची वाफ होऊन ते अडणं. माझ्याही तोंडी तोच आला. एमजीबीत कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (गरम धूर बाहेर नेणारा नळ) इंजिनाच्या एकाच बाजूला असतात, एकावर एक. मध्ये पातळ पत्र्याची हीट शील्ड. पेट्रोल उकळणं अगदी शक्य. मी शील्डवर नवं इन्सुलेशन चढवलं, पाइप मॅनिफोल्डपासून दूर बांधला, फिल्टर बदलला. गाडीमालकाला छातीठोकपणे सांगितलं, आता त्रास नाही.

आणि दुसऱ्या दिवशी खिंडीखाली पुन्हा तेच.

पिवळी जाकिटं चढवली, त्रिकोण तीस मीटर मागे ठेवला, गाडी उताराने मागे घेत गवताच्या कडेला लावली. (ज्या आयोजकांनी ही खिंड जेवणानंतरच्या भर उन्हात ठेवली, त्यांच्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. फोटोसाठी दुपार चांगली असेल, पण पन्नास वर्षांच्या इंजिनाला सकाळी आठला चढवायचं असतं.) मी फडकं भिजवून कार्ब्युरेटरवर टाकायला निघालो, तेव्हा शेजारच्या सीटवर बसणाऱ्या बाई म्हणाल्या, “काल सांगितलं तेच आजही झालं. आधी काटा पडला, मग गाडी मेली.”

त्यांनी काल खरोखरच हे सांगितलं होतं. मी ऐकलं, मान डोलावली आणि इन्सुलेशनची गुंडाळी आणायला गेलो. या एका वाक्यात सगळा उलगडा होता.

काटा म्हणजे आरपीएमचा काटा. त्या काळच्या एमजीबीत तो इग्निशन कॉइलच्या, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या गुंडाळीच्या, करंटवर चालतो. करंट जितक्या वेळा तुटतो, तितका काटा वर. पेट्रोल कमी पडलं तर इंजिन आचके देतं, खोकतं आणि काटा त्याच्यासोबत हळूहळू खाली येतो. इथे गाडी गिअरमध्ये होती, क्लच दाबलेला नव्हता, म्हणजे चाकं इंजिनाला फिरवतच होती. तरीही काटा एकदम शून्यावर. इंजिन फिरतंय आणि काटा शून्यावर, याचा अर्थ एकच: इग्निशनचा करंट तुटतच नाहीये.

मग दुसरी खूण आठवली, तीही माझ्यासमोर घडलेली. एमजीबीचा पेट्रोल पंप विजेचा, मागच्या बाजूला, टक-टक आवाज करणारा. काल बंद गाडीची चावी फिरवली तेव्हा तो दोनदा टकटकला आणि थांबला. कार्ब्युरेटरचे फ्लोट चेंबर (पेट्रोल साठवणारे कप्पे) भरलेले असले की पंप असाच थांबतो. पेट्रोल पोचलेलं होतं. मी त्या शांततेचा अर्थ ‘वाफेने अडवलंय’ असा लावला.

मग डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाचं, झाकण काढलं. कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पॉइंट्समध्ये जाड कागदाचा तुकडा सरकवून ते उघडे धरले, चावी ऑन केली, मीटरची एक तार कॉइलच्या मायनसवर आणि दुसरी बॉडीवर. पॉइंट्स उघडे असताना तिथे जवळपास १२ व्होल्ट दिसायला हवेत. दिसले शून्य. म्हणजे करंट पॉइंट्सना वळसा घालून कुठूनतरी थेट बॉडीत जातोय. कंडेन्सरची तार सोडली आणि मीटर लगेच १२ वर गेला. एवढीच ती परीक्षा, तीन मिनिटांची.

कंडेन्सर म्हणजे करंगळीच्या पेराएवढी पत्र्याची डबी. पॉइंट्स उघडताना तिथे ठिणगी उडू नये म्हणून ती करंट झेलते, त्यामुळे कॉइलचं चुंबकत्व झटक्यात कोसळतं आणि प्लगला हजारो व्होल्ट मिळतात. आतलं इन्सुलेशन तापल्यावर दगा देऊ लागलं की डबी शॉर्ट होते, थंड झाली की पुन्हा ठीक. म्हणूनच एअर लॉकचं सोंग ती हुबेहूब वठवते. आणि ही डबी ज्यात बसते तो डिस्ट्रिब्युटर एमजीबीत असतो कार्ब्युरेटरच्या विरुद्ध बाजूला. मी आदल्या संध्याकाळी जे इन्सुलेशन लावत बसलो होतो, ते इंजिनाच्या पलीकडे.

बदलताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, डिस्ट्रिब्युटरच्या बेसप्लेटच्या भोकांत आधी चिंधी कोंबायची, कारण कंडेन्सरचा बारका स्क्रू हातून सुटला तर आत पडतो आणि मग अख्खा डिस्ट्रिब्युटर काढावा लागतो. दुसरी, पॉइंट्सच्या खुंटीवर नायलॉनची टोपीसारखी बुशिंग असते. कॉइलची तार आणि कंडेन्सरची तार, दोन्हींची कडी त्या टोपीवर बसून पॉइंट्सच्या स्प्रिंगला टेकली पाहिजे, खुंटीला लागता कामा नये. टोपी राहिली किंवा क्रम चुकला तर ठिणगी येतच नाही, आणि माणूस नव्या पार्टला दोष देत बसतो. पॉइंट्समधला गॅप तपासला, ०.३८ मिलिमीटर, फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) हलकं अडकत सरकलं. गाडी सुरू झाली, खिंड चढली, म्युरा गावाला उतरली.

खरी चीड यायची पुढेच होती. तो नवा कंडेन्सर, पाकिटातून काढलेला, दुसऱ्या दिवशी गाराबीच्या पुलाजवळ निकामी झाला. आयफेलच्या कंपनीने १८८४ मध्ये पुरा केलेला तो लाल लोखंडी पूल बघायला सगळे थांबले होते, आणि निघताना एमजीबी गप्प. जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटर चालला. जुन्या गाड्यांना आज मिळणाऱ्या कंडेन्सरची ही अवस्था आहे: पाकीट चकचकीत, आत काय गुंडाळलंय देव जाणे. बनवणाऱ्यांना ठाऊक असतं की बहुतेक गाड्या वर्षातून फारशा चालत नाहीत, तक्रार येणार नाही. गाडीमालकही क्रोम पॉलिशवर जितका खर्च करतात, त्याच्या दहाव्या हिश्शातही दोन चांगले कंडेन्सर जवळ ठेवत नाहीत.

यावेळी मी डब्यातला एक जुना, वापरलेला कंडेन्सर घेतला आणि तो डिस्ट्रिब्युटरमध्ये घातलाच नाही. कॉइलच्या ब्रॅकेटखालचा रंग लोखंड दिसेपर्यंत खरवडला, कंडेन्सर तिथे आवळला, त्याची तार थेट कॉइलच्या मायनसला. विजेच्या दृष्टीने जागा तीच, फक्त इंजिनाच्या तापापासून दूर. अट एकच, अर्थ पक्का हवा. उरलेले तीन दिवस गाडी एकदाही थांबली नाही. पॉइंट्सऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन का नाही बसवत, असं ताफ्यातल्या दोघांनी विचारलं. ते बसवणं चुकीचं नाही, पण ते गेलं की रस्त्याच्या कडेला काहीच करता येत नाही. पॉइंट्स कागदाच्या तुकड्याने तपासता येतात.

त्या बाई शेवटच्या दिवशी भेटल्या तेव्हा मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, गाडी चालवणारा रस्ता बघतो, आम्हाला बघायला डायल असतात.

पहिला कंडेन्सर मी टाकून दिला नाही. वर्कशॉपमध्ये आणून मीटरला लावला. ०.२१ मायक्रोफॅरड, अगदी नव्यासारखा. गळती शून्य. मग हॉट एअर गन धरली आणि डबी हाताला चटका बसेल इतकी तापू दिली. सातव्या मिनिटाला मीटर घसरला. गन बंद केली, चहा होईपर्यंत तो पुन्हा ०.२१ वर आला होता.